पहिला नंबर कोणाचा?

ईदची दुपार होती. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, शीरखुर्म्याच्या वाट्या दोनदा भरून दोनदा रिकाम्या झाल्या, आणि खेडच्या आमच्या घरात ओटीवर गप्पांचा फड जमला. मुंबईहून भाईजानांचं कुटुंब आलेलं, फूफी आलेल्या, शेजारची दोन मुलंही येऊन बसलेली. बोलता बोलता विषय सिनेमावर आला आणि कोणीतरी विचारलं, "आजवरचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता?"

त्र्याऐंशी वर्षांचे आमचे अब्बा एरवी अशा गप्पांत पडत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "मुग़ल-ए-आज़म. त्याच्यापुढे दुसरा नाही."

भाईजानांचा मुलगा बारावीत आहे. त्याने मोबाइलवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "दादा, देशातल्या समीक्षकांनी निवडलेले दहा सिनेमे इथे आहेत. त्यात तुमचा सिनेमा नाहीच!" मुलं हसली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण अब्बा हसले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली, काठी घेतली आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. संध्याकाळी चहालाही ते ओटीवर आले नाहीत.

एका सिनेमावरून ईदच्या दिवशी घरातला बुजुर्ग उठून जातो, ही गोष्ट आमच्या मनाला लागली. वर्गात रोज चाळीस मुलांचे वाद मिटवणारे आम्ही, घरातला वाद मात्र पाहत राहिलो.

मुलाने दाखवलेली यादी खोटी नव्हती. चित्रपट समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या भारतीय शाखेने २०२२ मध्ये ती जाहीर केली. तिच्यात सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' पहिला आहे, 'गर्म हवा' सहावा, 'प्यासा' नववा आणि 'शोले' दहावा. 'मुग़ल-ए-आज़म' नाही, 'मदर इंडिया' नाही आणि दहांत एकही मराठी सिनेमा नाही. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक ज्या मराठी सिनेमाला मिळालं, तो आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'ही नाही. म्हणून ते सिनेमे लहान झाले का? अजिबात नाही. मतं देणारी माणसं वेगळी असती, तर यादीही वेगळी निघाली असती.

लंडनच्या 'साइट अँड साउंड' या मासिकाचंच उदाहरण घ्या. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते जगभरच्या समीक्षकांकडून प्रत्येकी दहा नावं मागवतं. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्ज' हा इटलीतला सिनेमा पहिला आला. गरीब बापाची सायकल चोरीला जाते, एवढीच त्याची गोष्ट. पुढे १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा 'सिटिझन केन' पहिला. २०१२ मध्ये हिचकॉकचा 'व्हर्टिगो' पहिला आला. गंमत म्हणजे 'व्हर्टिगो' १९५८ चा, पण १९६२ आणि १९७२ च्या पहिल्या दहांत त्याचं नावही नव्हतं. सिनेमा तोच, त्यातलं एक दृश्यही बदललेलं नाही. बदलले ते पाहणारे. २०२२ मध्ये तर बेल्जियमच्या शांताल अकरमन या दिग्दर्शिकेचा सिनेमा पहिला आला. घरकाम करणाऱ्या एका विधवा आईचे तीन दिवस त्यात दाखवले आहेत. एका स्त्रीने बनवलेला सिनेमा त्या यादीत पहिला यायला सत्तर वर्षं लागली.

बक्षिसांचंही तसंच. 'शोले' १९७५ साली लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला. पण त्याला फिल्मफेअर मिळालं एकच, तेही संकलनाचं, आपल्या एम. एस. शिंदे यांना. 'मुग़ल-ए-आज़म'मधली नौशादसाहेबांची गाणी आजही लग्नाघरात वाजतात, पण त्या वर्षी संगीताचं फिल्मफेअर गेलं दुसऱ्याच सिनेमाला.

मोबाइलवर जे तारे आणि आकडे दिसतात, ते तर आणखी वेगळे. तिथे मतं देतात ती हातात मोबाइल असलेली माणसं. १९६० साली रांगेत उभं राहून सिनेमा पाहणाऱ्या किती जणांनी तिथे मत दिलं असेल? आमच्या अब्बांनी तर दिलेलं नाही.

हे सगळं आम्ही दुसऱ्या दिवशी मुलाला समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि मग असा प्रश्न विचारला की आम्हीच गप्प झालो. "ठीक आहे. पण दादांना त्यात एवढं काय आवडतं? ते मुग़ल होते, बादशाह होते. आपण कुठे बादशाह आहोत? सिनेमात आपली माणसं म्हणजे एक तर नवाब, नाही तर तवायफ, नाही तर 'शोले'तले इमामसाहेब. आणि आता तर गुंडच जास्त. आपल्यासारखं घर कुठे असतं? मराठीत बोलणारं, भाकरी खाणारं?"

प्रश्न खरा होता. उत्तर आम्ही एकट्याने द्यावं, असं आम्हाला वाटेना. म्हणून बकरीदला सगळे पुन्हा जमणार होते, त्याआधीच आम्ही निरोप धाडला: प्रत्येकाने तीन सिनेमांची नावं कागदावर लिहून आणायची. नंबर घालायचे नाहीत. प्रत्येक नावापुढे एका ओळीत कारण लिहायचं. दुसऱ्याचं कारण पूर्ण ऐकेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आमच्या वर्गात पुस्तकांवर बोलताना हाच नियम असतो.

आमच्या चाची सिनेमा पाहत नाहीत. त्यांना ते दीनदारीला धरून वाटत नाही, आणि घरात सगळे त्यांच्या मताचा मान राखतात. त्या म्हणाल्या, "मी काय लिहू? मी फक्त ऐकायला बसते." आम्ही म्हटलं, "या बैठकीत ऐकणाराच लागतो."

पहिला कागद अब्बांचा. त्यावर एकच नाव होतं. कारण त्यांनी तोंडी सांगितलं.

'मुग़ल-ए-आज़म' ५ ऑगस्ट १९६० ला लागला, तो मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरात. (मुग़लांचा सिनेमा मराठा मंदिरात, हे ऐकून मुलं हसली आणि या वेळी अब्बाही हसले.) अब्बा तेव्हा एकोणीस वर्षांचे, गोदीत नव्याने लागलेले. त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे मरहूम बडे अब्बा, तिकिटासाठी रात्रभर रांगेत उभे राहिले. बरोबर भाकरी आणि सुका जवळा बांधून नेला होता. "सिनेमा काळा-पांढरा," अब्बा म्हणाले, "आणि मध्येच शीशमहलाचं गाणं आलं, तेव्हा पडदा एकदम रंगीत झाला. भाईने माझा हात घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून तो आगबोटीने दाभोळला आला. घरी सगळ्यांना सांगत सुटला की माझ्या भावाला मी मुग़ल-ए-आज़म दाखवला."

बडे अब्बांचा इंतकाल होऊन तीस वर्षं झाली. आमचा पुतण्या उठला आणि अब्बांच्या पायाशी जाऊन बसला. काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

मग भाभींनी 'पाकीज़ा' सांगितला. कमाल अमरोहींचा हा सिनेमा १९७२ च्या फेब्रुवारीत आला, तोही मराठा मंदिरातच, आणि मार्चच्या अखेरीस मीनाकुमारी अल्लाहला प्यारी झाली. भाभींची आई तेव्हा लग्नाची होती. तिने पाहिलेला तो शेवटचा सिनेमा, म्हणून भाभींना तो प्रिय. आमच्या कागदावर 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' होता. १९९५ पासून तो त्याच मराठा मंदिरात चालत आला आहे. शाळेच्या सुट्टीत मुंबईला गेलो की परतीच्या एसटीला अवकाश असायचा, आणि समोरच मराठा मंदिर. घरी न सांगता पाहिलेला पहिला सिनेमा तो! अब्बांनी भुवया उंचावल्या. इतक्या वर्षांनी आमची चोरी पकडली गेली.

तीन पिढ्या, तीन सिनेमे, एकच थिएटर. आधी हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुतण्याच्या कागदावर 'सैराट' होता. आर्ची-परश्यासाठी असेल, असं आम्हाला वाटलं. त्याने लिहिलं होतं: "सल्यासाठी. तो सलीम आहे आणि मित्रासाठी मार खातो. त्याचं मुसलमान असणं कोणी समजावून सांगत नाही. तो फक्त असतो."

आम्ही त्याला आणखी एक नाव दिलं. १९४१ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'शेजारी' काढला. एका गावातले दोन जिवलग शेजारी, एक पाटील आणि एक मिर्झा. गावात धरण बांधायला आलेला माणूस आपल्या फायद्यासाठी त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघे एकत्रच जातात. मिर्झाचं काम गजानन जागीरदारांनी केलं. हाच सिनेमा हिंदीत 'पडोसी' म्हणून निघाला. त्यातही मिर्झा झाले जागीरदारच, आणि हिंदू शेजारी झाले मज़हर खान. म्हणजे हिंदूने मुसलमान व्हायचं आणि मुसलमानाने हिंदू. फाळणीच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट. तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर यात नाही, पण सुरुवात कुठे झाली होती ते कळेल, एवढंच आम्ही त्याला म्हटलं.

शेवटी अम्मी राहिली. तिने आयुष्यात थिएटरात जाऊन पाहिलेले सिनेमे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. तिचा कागद कोरा होता, कारण तिला वाटलं, आपल्याला कोण विचारणार? पुतण्या म्हणाला, "दादी, तुम्ही सांगा ना."

ती म्हणाली, "गर्म हवा."

एम. एस. सथ्यू यांचा हा सिनेमा, इस्मत चुग़ताईंच्या कथेवरचा, कैफ़ी आज़मी आणि शमा ज़ैदी यांनी लिहिलेला. आग्र्यात जोड्यांचा कारखाना चालवणारे सलीम मिर्झा फाळणीनंतर इथेच राहायचं ठरवतात आणि घर हळूहळू रिकामं होत जातं. मिर्झांचं काम बलराज साहनींनी केलं. सिनेमा पडद्यावर येण्यापूर्वीच ते गेले. अम्मीने तो फार वर्षांपूर्वी शेजारी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला होता.

"त्यातली म्हातारी आई हवेली सोडायला तयार होत नाही," अम्मी सांगू लागली. "कोठडीत लपून बसते. शेवटी तिला पालखीतून तिच्या घरी आणतात आणि तिथे ती डोळे मिटते. माझी नानी तशीच होती. मोठे मामू कराचीला गेले. तीन पत्रं आली, अम्मा तू ये. नानी प्रत्येक वेळी म्हणायची, फणसाला फळ लागलंय, एवढा हंगाम होऊ दे. असे किती हंगाम गेले. मामू पुन्हा दिसले नाहीत. नानी फणसाखालीच खाट टाकून बसायची."

ओटीवर कोणी हललं नाही. चाचींनी पदराने डोळे पुसले. अब्बा म्हणाले, "पन्नास वर्षं झाली आपल्या निकाहला. हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

अम्मी म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं नाहीत."

त्यानंतर पहिला नंबर कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. रात्री पुतण्याने मोबाइलवर 'गर्म हवा' लावला आणि अम्मीच्या शेजारी बसला. पालखीचा प्रसंग आला तेव्हा तिनेच थांबवायला सांगितलं, आणि उठून पेटीतून मामूंचं एक पत्र काढलं. उर्दूतलं, शाई उडत चाललेलं. त्याला उर्दू वाचता येत नाही. आम्ही वाचून दाखवलं. आता दर रविवारी फोनवर तो आमच्याकडून अलिफ-बे शिकतो आहे.

वाचकहो, तुमच्याही घरात असे वाद होत असतील. जरूर व्हावेत. फक्त नंबर बाजूला ठेवून कारण विचारा. आणि जो कोपऱ्यात गप्प बसलेला आहे, त्याला सगळ्यांत आधी विचारा.