सत्त्याऐंशी पटींनी लहान : अमेरिकी रेल्वेची मॉडेल्स आणि पनवेल

अमेरिकी रेल्वेच्या मॉडेलांमध्ये सर्वांत रुळलेले प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. इंजिन, वॅगन, सिग्नल, फलाटावरची माणसे, सारे काही या प्रमाणात ८७ पटींनी लहान होते आणि १,४३५ मिलिमीटर रुंदीचा खरा लोहमार्ग १६.५ मिलिमीटरवर येतो. एन हे त्याहून बारीक प्रमाण १:१६० असून त्याचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. ‘लायनेल’ कंपनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली; तिच्या सुरुवातीच्या विजेच्या गाड्या मुख्यतः दुकानांच्या काचेत मांडण्यासाठी होत्या. पुढे मोठी माणसेही या छंदात उतरली आणि १९३५ मध्ये ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ स्थापन झाली. चाकाच्या कडेची उंची किती असावी, रुळाचे अंतर किती असावे, हे तिने ठरवून दिल्यामुळे एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर धावू लागले.

पनवेलच्या माणसाला हा छंद परका वाटण्याचे कारण नाही. भारतीय रेल्वेच्या अनेक इंजिनांचे मूळ अमेरिकेतच आहे. बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाची डब्ल्यूपी वर्गाची पहिली वाफेची इंजिने १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीकडून आली. १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिने ‘अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी’ ऊर्फ अल्को हिच्याकडून येऊ लागली. १६ सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती असे हे इंजिन १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि तिथून अडीच हजारांहून अधिक इंजिने बाहेर पडली. अल्कोने १९६९ मध्ये इंजिने बनवणे बंद केले, तरी वाराणसीत तिचा आराखडा त्यानंतर कितीतरी वर्षे चालत राहिला. युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी १९४१ ते १९४४ या काळात बांधलेली २५ प्रचंड ‘बिग बॉय’ इंजिनेही याच अल्कोच्या स्केनेक्टडी कारखान्यातली. शेल्फवर एचओ ‘बिग बॉय’शेजारी डब्ल्यूडीएम-२ ठेवणारा संग्राहक एकाच घराण्याचा इतिहास मांडत असतो.

दुसरे घराणे ईएमडीचे, म्हणजे जनरल मोटर्सच्या तेव्हाच्या इंजिन विभागाचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथून डब्ल्यूडीजी-४ आली आणि पाठोपाठ प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूडीपी-४. अमेरिकेत मालगाड्या ओढणारे एसडी७०मॅक हे डब्ल्यूडीजी-४चे जवळचे नातलग. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली आणि तिचे विद्युतीकरण २०२२ मध्ये संपले. मधल्या काळात कोकण, गोवा आणि केरळकडे जाणाऱ्या गाड्या पनवेलवरून डिझेलवर जात आणि त्यांच्या पुढे अनेकदा कल्याणच्या डिझेल शेडची इंजिने असत. त्या काळात पनवेलच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाने अल्को आणि ईएमडी या दोन्ही घराण्यांचे आवाज ऐकले आहेत. अल्कोचे इंजिन चार-स्ट्रोकचे. थ्रॉटल एकदम वाढवला की टर्बोचार्जरने वेग घेण्याआधीच इंधन जास्त पडते आणि काळा धूर उसळतो. ईएमडीचे इंजिन दोन-स्ट्रोकचे, त्यामुळे त्याची घरघर एकसंध.

संग्रह करताना पहिला निर्णय हवा तो मर्यादेचा. सर्व काही जमवू पाहणाऱ्याकडे शेवटी खोक्यांचा ढीग उरतो. त्यापेक्षा एक कंपनी, एक प्रदेश आणि एक दशक ठरवावे. उदाहरणार्थ सांता फे रेल्वे, नैर्ऋत्य अमेरिका आणि १९५० चे दशक. मग एफ७ इंजिनांची लाल-रुपेरी रंगसंगती, तिला शोभणारे प्रवासी डबे आणि फळे वाहणाऱ्या बर्फाच्या वॅगन्स हे सगळे एकमेकांशी जुळते. त्या काळात नसलेली वॅगन कितीही देखणी असली तरी बाहेर राहते. हाताने जोडलेली पितळी मॉडेल्स जपानमध्ये आणि नंतर कोरियात बनली. ती नाजूक आणि महाग असतात. प्लॅस्टिकची मॉडेल्स आता इतकी चांगली निघतात की नवशिक्याने पितळाच्या मागे लागू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. मूळ खोके, कागदपत्रे आणि सुटे भाग मात्र जपून ठेवावेत, कारण पुढे विकताना किंमत त्यावर ठरते.

खरी गंमत बारकाव्यांच्या कामात आहे. स्वस्त मॉडेलवर शिडीचे दांडे आणि कठडे बॉडीतच ओतलेले, उठावदार रेघांसारखे असतात. ते धारदार पात्याने हळूच तासून काढायचे, पिन व्हाइसमध्ये बारीक ड्रिल धरून हाताने भोके पाडायची आणि तारेचे दांडे बसवायचे. खऱ्या इंजिनावरचा दांडा सुमारे २५ मिलिमीटर जाडीचा असतो, तो एचओमध्ये ०.३ मिलिमीटरपेक्षाही किंचित बारीक होतो. म्हणजे ०.३ची पितळी तार जवळपास अचूक बसते. अर्ध्या मिलिमीटरची लावली की सारे इंजिन खेळण्यासारखे दिसू लागते. जोडाला सुपरग्लू सुईच्या टोकाने लावावा. जास्त झाला तर आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर पांढुरका थर चढतो. तारेनंतर हॉर्न, ब्रेकच्या नळ्या आणि रेडिएटरची जाळी येते. कपलर खऱ्यासारखा दिसावा यासाठी अमेरिकेत बहुतेक जण केडी कंपनीचे धातूचे कपलर वापरतात.

भारतीय इंजिनाचे मॉडेल करायचे तर काम वाढते. अ‍ॅटलस कंपनीचे आरएसडी-४/५ हे मॉडेल अल्कोच्या त्याच परंपरेतले. त्याच्या तीन आसांच्या बोगीत आसांमधले अंतर सारखे नसते आणि डब्ल्यूडीएम-२ची बोगीही तशीच. बोगी तिथून घेता येते, पण बॉडी वेगळी, कारण भारतात कॅब, हूड आणि पुढचा कॅटल गार्ड यांचे आकार बदलले. शिवाय दोन्ही टोकांना बफर लावावे लागतात, जे अमेरिकी इंजिनावर नसतात. गेजचा, म्हणजे रुळांमधल्या अंतराचा, प्रश्न त्याहून अवघड. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, तो १:८७ मध्ये १९.२६ मिलिमीटर होतो. बाजारात मिळणारा रूळ १६.५ चा. बहुतेक जण हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक पत्करतात आणि इंजिन थोडे ‘चिंचोळ्या पायांचे’ दिसते. ज्यांना ते पटत नाही ते रूळ हाताने बसवतात. हा दुसरा मार्ग कष्टाचा, पण समोरून पाहिल्यावर फरक लगेच कळतो.

रंगकाम झाल्यावर नंबर आणि शेडची नावे डेकलने लावतात. आधी चकचकीत लॅकरचा थर, मग डेकल, वर मॅट लॅकर, हा क्रम चुकला की डेकलभोवती चंदेरी कडा राहते. त्यानंतर इंजिनाला ‘जुने’ करायचे. छपरावर एक्झॉस्टभोवती काजळी, बोगीवर ब्रेकच्या धुळीचा तपकिरी थर, डिझेल टाकीच्या तोंडाजवळ ओघळ. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले इंजिन फिकट मातीने माखते, तर कोकण मार्गावरच्या इंजिनावर सततच्या पावसाचे ओघळ आणि गंज दिसायला हवा. धूळ एकसारखी उडवली की ती नाटकी दिसते. खऱ्या इंजिनाचे फोटो समोर ठेवून काम केलेले नेहमी चांगले.

चालवण्यासाठी साध्या पद्धतीत १२ व्होल्ट डीसी पुरतो. डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रणाच्या पद्धतीत प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो; त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने चालतात. आवाजाचा डिकोडर घेताना अल्को आणि ईएमडी यांचे आवाज वेगळे निवडावे लागतात. अमेरिकेतून आलेला जुना ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टला सरळ जोडला तर जळतो.

फ्लॅटमध्ये जागा हा मोठा अडसर. सहा आसांच्या लांब इंजिनाला १८ इंच त्रिज्येचे वळण जड जाते. २२ इंच किंवा जास्त बरे. जागा नसेल तर भिंतीलगत दोन मीटर लांब आणि फूटभर रुंद फळीवर शंटिंगचे यार्ड बांधावे. पनवेलकरांसाठी १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर हा आयता विषय आहे. चाळीस फुटी कंटेनर जगभर सारखाच, एचओमध्ये १४ सेंटीमीटर लांबीचा, म्हणून अमेरिकी मॉडेलचे कंटेनर आपल्या वॅगनवर जसेच्या तसे बसतात. मोठा, चालता लेआउट पाहायचा असेल तर पुण्याच्या कोथरूडमधले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय गाठावे. बी. एस. तथा भाऊ जोशी यांनी उभारलेले ते संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले.

पावसाळ्यात पनवेलची दमट हवा रुळांवर ऑक्साइडचा थर चढवते आणि विजेचा संपर्क तुटतो. निकेल-सिल्व्हरचे रूळ पितळी रुळांपेक्षा कमी खराब होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या कापडाने पुसले की पुन्हा चालतात. सँडपेपर कधी वापरू नये, ओरखड्यांत घाण जास्त साचते. खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. खोक्यात पडून राहिलेले इंजिन वर्षातून दोन-तीनदा बाहेर काढून थोडा वेळ चालवले, तर गिअरमधले वंगण घट्ट होत नाही.