ऊस ते अमाईन

दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला उसाचा हिशेब टनाने आणि एफआरपीने कळतो. त्याच उसाचा आणखी एक हिशेब आहे. तो चार आकड्यांत मांडतात आणि न्हावा शेवा बंदरात विचारतात. तोडलेला ऊस १२१२. साखर आणि गूळ १७०१. मळी १७०३, बगॅस २३०३. मळीपासून अल्कोहोल काढलं की २२०७. त्या अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड केलं की २९१५, आणि त्याच अल्कोहोलची अमोनियाशी गाठ घालून एथिल अमाईन केलं की २९२१.

हा शेवटचा आकडा दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीच्या रोजच्या कामातला. पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या फिरंगाई देवीच्या या गावाशेजारी अल्काईल अमाइन्ससारखे कारखाने अमाईन बनवतात. औषधं, कीटकनाशकं, रबरासाठीची रसायनं अशा कितीतरी उद्योगांना ती लागतात.

हे आकडे मालाच्या वर्गीकरणाच्या ज्या पद्धतीतून येतात तिला व्यापारात सगळे ‘एचएस’ म्हणतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या छत्राखाली १९८३ साली करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून ही पद्धत लागू झाली. पूर्ण कोड आठ आकडी: पहिले सहा आकडे जगभर सारखे. पुढचे दोन भारताने आपल्या सोयीने जोडलेले. ते १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या परिशिष्टात सापडतात.

सेंद्रिय रसायनांचं घर म्हणजे चॅप्टर २९. त्यात २९०१ पासून २९४२ पर्यंत बेचाळीस हेडिंग आहेत. रसायनशास्त्र शिकलेल्याला पहिला धक्का इथेच बसतो. साखर शंभर टक्के सेंद्रिय संयुग, पण तिला या घरात जागा नाही. ती चॅप्टर १७ मध्ये. एथिल अल्कोहोलही बाहेर. युरियासुद्धा बाहेर! १८२८ मध्ये वोलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि सेंद्रिय रसायनशास्त्राची दिशाच बदलली. तोच युरिया इथे खतांच्या ३१०२ मध्ये बसतो. मला यात विसंगती दिसत नाही. ही यादी व्यापाराची आहे, आणि व्यापारात साखर हे अन्न आहे, युरिया हे खत.

खरी कसोटी लागते ती चॅप्टरच्या सुरुवातीच्या टिपांमध्ये. पहिली टीप सांगते की माल निश्चित रासायनिक रचनेचं एकच संयुग हवा. मग त्यात अशुद्धी असली तरी चालेल. मोनोमिथिल अमाईनचं उदाहरण घेऊ. हा नेहमीच्या तापमानाला वायू असतो, वास कुजलेल्या मासळीसारखा. म्हणून तो बरेचदा पाण्यात विरघळवून विकतात. पिंपावरच्या लेबलवर लिहिलेलं असतं ‘४० टक्के जलीय द्रावण’. म्हणजे पिंपात निम्म्याहून जास्त पाणीच. तरी कोड २९२१ च, कारण पाण्यातल्या द्रावणाला टीप स्पष्ट परवानगी देते. पाण्याऐवजी दुसरा द्रावक वापरला तर प्रश्न उभा राहतो: तो सुरक्षिततेसाठी किंवा वाहतुकीसाठी आवश्यक होता, की माल एखाद्या खास कामाला सोपा जावा म्हणून घातला? दुसरं उत्तर असेल तर माल चॅप्टर २९ मधून बाहेर पडतो आणि बहुधा ३८ मध्ये, मिश्रणांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

अशुद्धीचंही तसंच. प्रक्रियेत राहून गेलेली अशुद्धी चालते, मुद्दाम ठेवलेली चालत नाही. मिथिल ॲसिटेट चांगला द्रावक व्हावा म्हणून त्यात मिथेनॉल जाणूनबुजून राहू दिलं, तर ते ३८१४ मध्ये जातं. बाटली तीच, फरक हेतूचा. तो हेतू कागदावर दिसत नाही, रिॲक्टरपाशी दिसतो.

म्हणून मला ठामपणे वाटतं की कोड ठरवण्याचं काम फक्त सीएचएच्या, म्हणजे कस्टम्स हाऊस एजंटच्या, टेबलावर सोडू नये. दौंड-शिरूरच्या कॉलेजांतून बीएस्सी केमिस्ट्री करून कुरकुंभला शिफ्टमध्ये उभी राहणारी मुलं-मुली बॅच कशी गेली हे जाणतात. त्यांच्या हाती या टिपांची दोन पानं दिली पाहिजेत. तिसरी टीप तर त्यांना लगेच समजेल: एक पदार्थ दोन हेडिंगमध्ये बसत असेल तर क्रमाने शेवटचं धरायचं. आवळ्यातलं क जीवनसत्त्व रचनेने लॅक्टोन म्हणजे २९३२, आणि जीवनसत्त्व म्हणून २९३६. घ्यायचं २९३६.

कोडमधल्या चुकीची किंमत मोठी असते. आयातदार स्वतःच शुल्क ठरवून भरतो, पण सीमाशुल्क खातं कमी भरलेल्या शुल्काची मागणी दोन वर्षांपर्यंत करू शकतं. हेतुपुरस्सर लपवलं असेल तर पाच वर्षांपर्यंत. निर्यातीत कर परताव्याचा दर कोडवर ठरतो, आणि पलीकडच्या देशात खरेदीदाराचा माल अडकतो तो वेगळाच. शंका असेल तर आधीच निर्णय मागायची सोय आहे. मुंबईत त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. माझ्या मते छोट्या कारखानदारांनी या सोयीचा वापर अधिक करायला हवा.

आणि यादी बदलत राहते, साधारण पाच-सहा वर्षांनी. पूर्वी डायएथिल अमाईनचा स्वतंत्र सहा आकडी कोड होता: २९२१.१२. २००७ च्या आवृत्तीत तो गेला आणि हे रसायन ‘इतर’ म्हणून २९२१.१९ मध्ये मिसळलं. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, मोकळा झालेला २९२१.१२ दुसऱ्याच एका क्लोराइडला दिला गेला, ज्याच्यावर रासायनिक शस्त्रबंदी कराराची नजर असते. समजा एखाद्या ऑफिसात २००७ च्या आधीचा तक्ता अजून भिंतीवर आहे आणि कुणी त्यावरून डायएथिल अमाईनची शिपिंग बिलं भरतो आहे. पिंपात आहे औषधांच्या कारखान्यात जाणारं साधं अमाईन. कागदावर मात्र शस्त्रबंदी कराराच्या नजरेखालचा माल.