वाक्यात उपयोग करा : प्रसूतितज्ज्ञ

शिरोड्याच्या एका शाळेत नववीच्या वर्गाशी गप्पा मारायला आम्हाला बोलावले होते. फळ्यावर आम्ही 'प्रसूतितज्ज्ञ' असा शब्द लिहिला आणि म्हटले, याचा वाक्यात उपयोग करा. मागच्या बाकांवर खसखस पिकली. ती ओसरल्यावर वाक्ये येऊ लागली. 'माझी आत्या प्रसूतितज्ज्ञ आहे.' 'प्रसूतितज्ज्ञांना खूप अभ्यास करावा लागतो.' 'मला मोठेपणी प्रसूतितज्ज्ञ व्हायचे आहे.' व्याकरणदृष्ट्या सगळी बरोबर. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. मग आम्ही त्या शब्दाच्या जागी 'वकील' लिहिले. एकही वाक्य मोडले नाही!

शब्दाचा खरोखर उपयोग झाला आहे की तो नुसता वाक्यात बसवला आहे, हे तपासण्याची ही एक सोपी कसोटी. ज्या वाक्यात दुसरा कोणताही व्यावसायिक चालत नाही, ते वाक्य आम्हाला हवे होते. वर्ग विचारात पडला. तेवढ्या वेळात आम्ही शुद्धलेखन उरकून घेतले. सुटा शब्द 'प्रसूती' असा दीर्घ; समासात पहिले पद झाले की 'प्रसूति' असा ऱ्हस्व, 'बुद्धी' आणि 'बुद्धिवैभव' यांसारखाच. 'तज्ज्ञ' म्हणजे तत् अधिक ज्ञ, 'ते जाणणारा', म्हणून त्यात ज् हवाच. दवाखान्यांच्या पाट्या मात्र हे मानत नाहीत.

मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "आजीचं पहिलं मूल आडवं आलं होतं, तेव्हा गावात प्रसूतितज्ज्ञ नव्हता."

या वाक्यात वकील चालणार नव्हता. पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

आजीच्या पिढीची ही भाषा किती नेमकी आहे, ते पाहू. दिवस भरताना शंभरांतील सुमारे ९६ मुले डोके खाली करून असतात. तीन-चार मुलांचे कुल्ले किंवा पाय खाली असतात, ती 'पायाळू'. क्वचित एखादे मूल गर्भाशयात चक्क आडवे असते. पूर्ण वाढलेले आडवे मूल आपोआप जन्माला येऊ शकत नाही. कळा येत राहतात, खांदा जघनात अडकतो, आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर गर्भाशय फाटू शकते. मूल आडवे नसले तरी त्याचे डोके आणि आईचे जघन यांचे माप जुळले नाही तर वाट बंद होते. या सगळ्याला मराठीत एकच क्रियापद आहे : 'बाई अडली'. वैद्यकाच्या पुस्तकात या अवस्थेला जे नाव आहे, त्याचाही अर्थ 'अडलेली प्रसूती' असाच होतो.

पायाळूची गोष्ट निराळी. पायाळू माणसावर वीज पडते, उसण भरली तर त्याचा पाय लावावा, असे वर्गातही दोघातिघांनी सांगितले. आपले पाय आधी बाहेर आले की डोके, याची वीज चौकशी करत नाही. खरा धोका जन्माच्या त्या काही मिनिटांत असतो. मुलाचा सर्वांत मोठा भाग म्हणजे डोके. ते शेवटी आले आणि अडकले, तर नाळ दाबली जाऊन बाळाचा प्राणवायू तुटतो. अशा वेळी वाट पाहायची की पोटावर शस्त्रक्रिया करायची, हे ठरवणे हेच प्रसूतितज्ज्ञाचे काम.

शब्दाचे मूळ जुने आहे. संस्कृतात 'सू' या धातूचा अर्थ जन्म देणे. प्रसव, प्रसूती, सूतिका हे शब्द त्यातलेच, आणि आपली 'सुईण'ही. ('सून' मात्र या कुळातली नाही, ती 'स्नुषा'ची वंशज.) शेजारच्या गोव्यात कोकणीत सुइणीला 'वैजीण' म्हणतात. 'अद्य'चे आज झाले, 'विद्युत्'ची वीज झाली, तसे 'वैद्य'चे वैज झाले. वैजीण म्हणजे वैद्यीणच. म्हणजे लोकांच्या लेखी ती डॉक्टरच होती. हात धुणे, नाळ निर्जंतुक पात्याने कापणे हे तिला कोणी शिकवले नव्हते, हा तिचा दोष म्हणता येणार नाही. १८८६ साली फिलाडेल्फियात एम.डी. झालेल्या आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्रच निवडले होते. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे स्वतःचे मूल जेमतेम दहा दिवस जगले होते.

एवढ्यात एका शिक्षकांनी विचारले, "शिरोडकर टाका म्हणतात, ते शिरोडकर आपल्याच गावचे ना?" शिरोड्यात हा प्रश्न येणारच! पण डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) हे गोव्यातल्या, फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचे. नाव तेच, गाव दुसरे. काही स्त्रियांचे गर्भाशयाचे मुख मधल्या महिन्यांत कळांशिवायच उघडते आणि गर्भ निसटतो. पिशवीचे तोंड नाडीने आवळावे तसे ते मुख बांधून ठेवायची शस्त्रक्रिया मुंबईत काम करणाऱ्या शिरोडकरांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते नाडी म्हणून मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी वापरत. दिवस भरत आले की टाका सोडायचा. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत हे आडनाव शस्त्रक्रियेचे नाव म्हणून वापरले जाते. 'चौथ्या महिन्यात प्रसूतितज्ज्ञांनी टाका घातला, म्हणून या खेपेला मूल हाती लागले.' कसोटीला उतरणारे आणखी एक वाक्य.

घरी मात्र हा शब्द कोणी उच्चारत नाही. 'डॉक्टरणीक दाखयलंस?' 'सुटली मा?' अशीच वाक्ये कानावर येतात. 'सुटली', 'मोकळी झाली', 'सुखरूप सुटका झाली' : बाळंतपणाला सुटका म्हणणाऱ्या भाषेला त्यातला धोका पक्का ठाऊक होता. गंमत म्हणजे आपण आता जी 'डिलिव्हरी' म्हणतो, तिच्या मुळाशीही लॅटिनमधला 'मुक्त करणे' हाच अर्थ आहे. पार्सल घरपोच करण्याचा अर्थ मागाहून चिकटला. २०१८–२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. सुटका हा शब्द अजून जुना झालेला नाही.

नेमक्या शब्दाने वेळ वाचतो. 'बाईला बरं वाटत नाही' असा फोन गेला तर कोणीही निवांत निघेल. 'सकाळपासून कळा आहेत, मूल आडवं आहे' असे सांगितले तर प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघे आहेत अशाच ठिकाणी गाडी वळेल. या भागात अवघड बाई पुष्कळदा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात नेतात. वाटेतला प्रत्येक चुकीचा थांबा महाग पडतो.

निघताना आम्ही गृहपाठ दिला : घरी विचारा आणि 'वकील' चालणार नाही असे एक वाक्य उद्या आणा. दुसऱ्या दिवशी तीसेक वाक्ये आली, त्यांतली बरीच आयांनी सांगितलेली. आदल्या दिवशी सर्वांत जास्त खिदळणारा मुलगा उभा राहिला आणि वहीत न बघता म्हणाला, "माका भायर काडूक बांबोळीचो डॉक्टर लागलो."