आचाऱ्यांचा र

लग्नघरातून आचाऱ्यांना धाडलेला निरोप आचार्यांकडे गेला, तर पंगतीचे कठीण. रफार डोक्यावर चढला की विद्वान, आडवी रेघ चिकटली की स्वयंपाकी! वाचणाऱ्याला हे नजरेने कळते. संगणकाला आकड्यांनी कळवावे लागते. ते आकडे ठरवते युनिकोड कन्सॉर्शियम. जानेवारी १९९१ मध्ये ही संस्था कॅलिफोर्नियात रीतसर स्थापन झाली. कल्पना मात्र १९८७ पासून झेरॉक्स आणि ॲपलमधल्या जो बेकर, ली कॉलिन्स, मार्क डेव्हिस यांच्या डोक्यात होती. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, यंत्र कोणाचेही असो.

त्याआधीचे हाल जुन्या डीटीपीवाल्यांना विचारावेत. कृतिदेव फाँटमध्ये ‘भारत’ टंकले की फायलीत साठायची ती रोमन अक्षरे: एच, के, के, जे, आर. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की हाती नुसता कचरा. शोधायला जावे, तर ‘भारत’ तिथे नव्हताच.

युनिकोडने आकाराचा नाद सोडून अक्षर धरले. म्हणून ‘क्ष’ला वेगळा क्रमांक नाही. क, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ष ओळीने ठेवायचे. जोडाक्षर घडवणे फाँटचे काम. देवनागरीचा हा आराखडा १९८८ च्या भारतीय ‘इस्की’ संकेतावरून घेतलेला आहे.

आता आपले आचारी. नेहमीचा र ०९३० क्रमांकावर. त्याचा पाय मोडून पुढे य ठेवला की रफार मिळतो. आडव्या रेघेसाठी शेजारचा ०९३१, म्हणजे नुक्त्याचा ऱ, घ्यायचा. हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतला एक र लिहिण्यासाठी; मराठीच्या दऱ्या, सुऱ्या, वाऱ्या तिथे पोटभाडेकरू. दुसरी वाटही आहे: साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, आत क्रमांक निराळे. सॉफ्टवेअर बेसावध असेल, तर एका पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधून सापडत नाहीत.

दिलेला क्रमांक आणि नाव बदलायचे नाही, हा इथला कडक नियम. उभ्या लिखाणातल्या एका कंसाच्या अधिकृत इंग्रजी नावात ‘ब्रॅकेट’चे स्पेलिंगच चुकले आहे. ते तसेच ठेवून शेजारी दुरुस्त नाव नोंदवले गेले. हट्ट वाटेल, पण क्रमांक हलू लागले तर जुन्या फायली वाचणार कोण?

भर मात्र पडत राहते. ‘ॲ’ला २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत स्वतःचा क्रमांक मिळाला. मोडीचा नंबर लागला २०१४ मध्ये, ७.० आवृत्तीत. पेशवे दफ्तरातला मोडी कागद आता त्याच लिपीत टंकता येतो, यंत्रावर मोडीचा फाँट तेवढा हवा.