आधी मापं, मग बेरीज

घराचं काम काढलं की तीन कंत्राटदारांकडून कोटेशन मागवावं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. गडबड होते ती त्यानंतर. तिन्ही कागदांच्या तळचा आकडा बघायचा आणि सगळ्यांत कमी असेल त्याला काम द्यायचं, नाहीतर ‘मधला बरा’ म्हणून मधल्याला. पण तिघांनी भाव दिलेला असतो तो तीन वेगवेगळ्या कामांचा. एकाने जुन्या टाइल फोडून राडारोडा टेम्पोने उचलून नेण्याचा खर्च धरलेला असतो, दुसऱ्याने त्याचा उल्लेखही केलेला नसतो. एकाचं वॉटरप्रूफिंग म्हणजे ब्रिकबॅट कोबा, दुसऱ्याचं म्हणजे केमिकलचे दोन हात. तेव्हा स्वस्त कोण, हे तळच्या आकड्यावरून कळत नाही. तिघांना एकच यादी देऊन त्याच यादीवर दर भरून घेतले, तरच तुलना करता येते.

सगळ्यांत जास्त खटके उडतात ते क्षेत्रफळावरून. ‘आमचं बाथरूम पाच बाय आठ, म्हणजे ४० चौरस फूट. यांनी टाइलचं काम २०५ फूट लावलंय. लूट आहे नुसती!’ हा आरोप मी अनेकदा ऐकला आहे आणि बहुतेक वेळा तो अन्यायाचा असतो. टेप घेऊन मोजून बघा. जमीन ४० चौरस फूट. चार भिंतींचा घेर २६ फूट. सात फुटांपर्यंत टाइल लावायची तर भिंतींचे झाले १८२. त्यातून अडीच बाय सातचं दार, म्हणजे साडेसतरा फूट वजा केले की उरले १६४.५. त्यात जमीन मिळवा. होतात २०४.५. कंत्राटदाराचा आकडा बरोबर आहे. त्याने २६० लिहिले असते, तर मात्र टाइल छतापर्यंत नेणार आहात का, दार वजा केलंय का, हे विचारायलाच हवं होतं. लहानशा व्हेंटिलेटरच्या वजावटीवरून मात्र वाद घालू नये. प्लास्टरच्या मोजमापासाठी भारतीय मानक १२०० मध्येसुद्धा अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करत नाहीत, कारण तिच्या कडा करायची मेहनत असतेच.

रंगकामाचंही तसंच. दहा बाय बाराची खोली जमिनीवर १२० फूट दिसते, पण साडेनऊ फूट उंचीच्या भिंती आणि छत धरलं की ५३८ फूट होते. त्यातून दारं-खिडक्या वजा होतील. म्हणून रंगाचा दर ‘कार्पेटवर’ सांगितलाय की प्रत्यक्ष भिंतींवर, हे न विचारता दोन दरांची तुलना करणं व्यर्थ आहे.

टाइल विकत घेतानाही हिशेब माहीत असावा. ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल असते ६०० मिलिमीटरची, दोन फुटांना थोडी कमी. चार टाइलचा बॉक्स १६ नव्हे, साडेपंधरा चौरस फूट भरतो. बारा बाय पंधराच्या हॉलला कापाकापीची दहा टक्के घट धरून १३ बॉक्स लागतात. कोणी १८ मागितले तर कारण विचारा.

आता सुतारकाम. ‘१८ एमएम प्लाय’ एवढंच लिहिलं असेल तर त्या ओळीला अर्थ नाही. जाडी सारखी असली तरी प्लायच्या दर्जात मोठा फरक असतो. मानक ३०३ चा साधा प्लाय वेगळा आणि ७१० चा मरीन प्लाय वेगळा. तो ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासला जातो. स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटाला दुसरा हवा, बेडरूमच्या वॉर्डरोबला पहिला पुरतो. कोटेशनमध्ये मानकाचा क्रमांक लिहून घ्या. माल आला की शीटवरच्या आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. वॉर्डरोबचा दर फ्रंट एरियावर असेल तर आतले ड्रॉवर, चॅनेल आणि बिजागऱ्या त्यात आहेत का, हेही तेव्हाच विचारा. ‘एक्स्ट्रा’ची बिलं बहुधा इथूनच सुरू होतात.

सिमेंट, वाळू आणि मजुरी यांच्यावर घेतलेला प्रत्येक रुपया म्हणजे लूट, हा समज तर सोडूनच द्यायला हवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणातही माल-मजुरीवर पाण्याचा १ टक्का आणि कंत्राटदाराचा नफा व वरखर्च म्हणून १५ टक्के धरले जातात. सरकार स्वतःच्या कामाला जे देतं, ते तुमच्या घरी गवंड्याला सांभाळणाऱ्या, टेम्पो आणणाऱ्या, सोसायटीच्या वेळा पाळणाऱ्या माणसाला नाकारण्यात न्याय नाही. उलट, ज्याच्या दरात नफ्याला जागाच नाही, तो काम अर्धवट टाकेल किंवा सिमेंटात काटकसर करेल, ही भीती खरी आहे.

‘बिल नको, जीएसटी वाचेल’ हे वाक्यही ओळखीचं आहे. घरदुरुस्तीच्या कंत्राटावर १८ टक्के जीएसटी लागतो. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही आणि नोंदणी नसलेल्याला कर लावताच येत नाही. म्हणून कर लावलेला असेल तर जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा. कर लागत नसेल तरी सहीची पावती घ्याच. उद्या काम बिघडलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या कामाला शुल्कही नाही. पण हातात कागद नसेल तर तक्रार सिद्ध कशी करणार?

लमसम रकमेत डोक्याला ताप नाही असं वाटतं. तो ताप पुढे येतो, कारण लमसममध्ये काय बसतं हे कुणीच लिहिलेलं नसतं. माल स्वतः आणून नुसती मजुरी दिली की पैसे वाचतात, हेही सरसकट खरं नाही. टाइल फुटली, कमी पडली, शेड जुळली नाही, तर जबाबदारी तुमची, आणि गळती झाली तर गवंडी मालाकडे बोट दाखवतो.

पैसे कामाच्या पुढे जाऊ देऊ नका. बाथरूमचा मोठा हप्ता वॉटरप्रूफिंगनंतर, टाइल लावण्याआधी ठेवा: नहाणी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवा, खालच्या घरात जाऊन छताला ओल आहे का बघा आणि मगच पैसे सोडा. आयुष्यभराच्या बचतीतून काम करताय, तेव्हा संकोच नको. प्रत्येक काम, त्याचं माप, दर आणि मालाचा दर्जा जो लिहून देत नाही, त्याला काम देऊ नका, त्याचा आकडा कितीही कमी असो.