एकट्याचे भिन्नमत : प्रो. शेणॉय आणि शेतमालाचा भाव

अर्थशास्त्र हा विद्वानांचा विषय असून नांगर धरणाऱ्यास त्याचे काही प्रयोजन नाही, असा समज आमच्या शेतकरी बंधूंत बराच रूढ आहे. परंतु शेतकऱ्याच्या जोंधळ्यास, गव्हास किंवा कापसास बाजारात काय मोल यावे, याचा निर्णय पुष्कळदा त्याच्या खळ्यावर होत नसून राजधानीतील सल्लागारांच्या बैठकीत होत असतो. यास्तव अशा बैठकीत एकट्याने उभे राहून सर्वांच्या विरुद्ध मत लिहून देणाऱ्या एका अर्थशास्त्रज्ञाचा परिचय वाचकांस करून देण्याचे योजिले आहे. ते गृहस्थ म्हणजे प्रो. बी. आर. शेणॉय हे होत.

बेळ्ळिकोथ रघुनाथ शेणॉय यांचा जन्म १९०५ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील दक्षिण कन्नड जिल्ह्यात झाला. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील शिक्षणानंतर ते लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयात गेले. तेथे १९३१ साली हायेक या ऑस्ट्रियन पंडिताने पैसा, किंमती आणि उत्पादन यांच्या परस्परसंबंधावर दिलेली व्याख्याने त्यांनी ऐकली व त्यांचा ठसा त्यांच्या विचारावर जन्मभर राहिला. पुढे त्यांनी अध्यापन केले, सिलोनच्या चलनावर व पेढीव्यवहारावर ग्रंथ लिहिला आणि रिझर्व्ह बँकेतही अधिकारपद सांभाळले. १९५४ पासून १९६८ पर्यंत ते अहमदाबादेस गुजरात विद्यापीठाच्या समाजशास्त्रांच्या विभागाचे संचालक होते. म्हणजे सरकारी चलनव्यवहार त्यांनी पुस्तकांतून वाचला होता, तसाच तो कचेरीत बसून पाहिलाही होता.

त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग १९५५ साली आला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा प्रो. महालनोबीस यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला होता. अवजड कारखाने आधी उभारावे, म्हणजे देशाचे दारिद्र्य लवकर हटेल, असे त्याचे मुख्य सूत्र होते. या आराखड्यावर मत देण्याकरिता अर्थशास्त्रज्ञांचे एक मंडळ नेमण्यात आले. त्याचे अध्यक्ष तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे होते. मंडळातील नामांकित पंडितांनी आराखड्यास सर्वसाधारणपणे संमती दिली. एकट्या शेणॉय यांनी मात्र त्यावर सही करून स्वस्थ न बसता स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडली.

तिच्यातील मुख्य मुद्दा शेतकऱ्यास सहज समजण्याजोगा आहे. एखाद्या कुणब्याच्या पेवात दहा मण धान्य आहे. त्यातून घरखर्च, बियाणे आणि गड्यांची मजुरी भागवावयाची आहे. त्याने बारा मणांच्या चिठ्ठ्या लिहून वाटल्या, तर पेवातील दाणे दहाचे बारा मण होत नाहीत. चिठ्ठीवाल्या प्रत्येकाच्या पदरात दाणे मात्र कमी पडतात. राष्ट्राचेही असेच आहे. लोक जेवढी बचत करतील तेवढीच खरी साधनसामग्री नव्या कामांस मिळू शकते. त्यापलीकडे नोटा छापून खर्च वाढविला, तर मालाचे भाव चढतात आणि गरिबाच्या ताटातील घास कमी होऊन ती तूट भरून निघते. ४,८०० कोटी रुपयांच्या त्या योजनेत १,२०० कोटी, म्हणजे चौथा हिस्सा, अशा तुटीच्या अर्थभरण्यातून उभारावयाचा होता. अंथरूण पाहून पाय पसरावे, हाच शेणॉय यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. भाव चढले म्हणजे ते दाबण्याकरिता नियंत्रणे आणि परवाने येतात व लोकांचे स्वातंत्र्यही हळूहळू आकुंचित होते, हा त्यांचा दुसरा इशारा होता.

शेतीच्या वाट्यास या योजनेत काय आले, हेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या योजनेत शेती व समूहविकास यांवर एकूण खर्चाच्या शेकडा सुमारे १५ नेमले होते. दुसरीत ते प्रमाण शेकडा सुमारे १२ वर आले. उलट उद्योग व खाणी यांचा वाटा शेकडा साडेसातवरून साडेअठरावर गेला. रकमेचा आकडा वाढला हे खरे. परंतु देशाच्या कर्त्या पुरुषांचे लक्ष शेताकडून कारखान्याकडे वळले होते, हे या प्रमाणावरून स्पष्ट होते.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. योजनेस दोन वर्षे होण्याच्या आतच, १९५७ साली, परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटू लागली. १९५८ साली जागतिक बँकेच्या पुढाकाराने धनको राष्ट्रांची बैठक भरवून मदत मिळविण्याची पाळी आली. योजनेच्या पाच वर्षांत घाऊक भाव शेकडा सुमारे ३० नी चढले. या साऱ्याचे कारण केवळ तुटीचा अर्थभरणा होता असे म्हणणे योग्य होणार नाही, कारण पावसानेही मध्येच दगा दिला होता. तथापि इशारा वेळीच दिला गेला होता आणि तो दुर्लक्षिला गेला, हे नाकारता येत नाही.

याच ओघात अमेरिकन धान्याचा प्रश्न येतो व तो थेट आमच्या बांधावर येऊन पोचतो. ऑगस्ट १९५६ मध्ये पी. एल. ४८० या अमेरिकन कायद्यान्वये भारताने पहिला करार केला. मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टन येथे त्याहून मोठा करार केला. त्यात चार वर्षांत १ कोटी ६० लक्ष टन गहू व १० लक्ष टन तांदूळ आणावयाचा होता. धान्याची किंमत रुपयांत द्यावयाची असल्याने सरकारास हा व्यवहार सुलभ वाटला. शहरातील मजुरास स्वस्त भाकरी मिळाली व दुष्काळात पुष्कळांचे प्राण वाचले, हे कृतज्ञतापूर्वक सांगितले पाहिजे. परंतु आपल्याच बाजारात परदेशी गहू स्वस्त दराने ओतला जात असता देशी गहू पिकविणाऱ्याने विहीर खणावी कशाला आणि खत घालावे कशाला? टंचाई हटविण्याकरिता आणलेले धान्यच भाव दाबून पुढील टंचाईचे बीज पेरते, अशी टीका शेणॉय यांनी सातत्याने केली. १९७४ साली या विषयावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध झाला. १९६६ साली धान्याची आयात एक कोटी टनांच्या घरात गेली, तेव्हा परावलंबनाची परिसीमा झाली. त्याच वर्षी जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला. रुपयाचे कृत्रिम मोल टिकवू नये, असे शेणॉय कित्येक वर्षे सांगत आले होते.

आता न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही मांडणे अवश्य आहे. शेणॉय यांचे तत्त्व दुधारी होते. सरकारने भाव पाडू नयेत हे जसे त्यांचे म्हणणे, तसेच सरकारने भाव उचलूनही धरू नयेत असेही त्यांचे मत होते. भिन्नमतपत्रिकेतच शेतमालास किंमतीचा आधार देण्याविषयी त्यांनी प्रतिकूलता दाखविली होती. प्रत्यक्षात मात्र १९६५ साली कृषिमूल्य आयोग आणि अन्न महामंडळ स्थापन झाले, बुटक्या जातीच्या गव्हाचे बियाणे आले, आणि खरेदीच्या निश्चित भावाचा भरवसा मिळाल्यावर पंजाब-हरियाणातील शेतकऱ्याने उत्पादन वाढवून दाखविले. संशोधन, कालवे आणि भावाचा आधार ही सरकारची कामे तेथे उपयोगी पडली. तेव्हा शेणॉय यांचे सर्वच म्हणणे डोळे मिटून घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही.

तरीही त्यांच्या विचाराचा जो भाग शेतकऱ्याच्या हिताचा होता, तो कालांतराने आमच्याच मातीत पुन्हा उगवला. आयात, निर्यातबंदी आणि नियंत्रणे यांच्या योगे शेतमालाचे भाव सरकारच बुद्धिपुरस्सर पाडते, हे गाऱ्हाणे शरद जोशी यांनी १९७९ साली चाकण येथे शेतकरी संघटना स्थापून गावोगावच्या चावडीवर नेले. तेच गाऱ्हाणे शेणॉय यांनी निराळ्या भाषेत पंडितांच्या सभेत मांडले होते. फरक एवढाच की, शेणॉय यांच्यामागे शेतकऱ्यांचा जथा नव्हता. होती ती केवळ लेखणी.

१९५५ नंतर सरकारदरबारी त्यांस मान राहिला नाही. काळाची पावले न ओळखणारा जुन्या मताचा पंडित, अशी त्यांची संभावना झाली. तरी वृत्तपत्रांतून, व्याख्यानांतून आणि पुढे दिल्लीस स्थापिलेल्या आपल्या अर्थसंशोधन केंद्रातून त्यांनी तेच मत न डगमगता मांडले. १९७८ साली ते निवर्तले. १९९१ साली उद्योगांवरील बहुतेक परवाने उठले व रुपयाचे मोल पुन्हा खाली आणावे लागले, ते पाहण्यास ते उरले नव्हते.

या चरित्रापासून शेतकरी बंधूंनी एक गोष्ट ध्यानी धरावी. कोणतीही नवी योजना, सूट किंवा अनुदान जाहीर झाले म्हणजे टाळ्या वाजविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे : याचा पैसा कोठून येणार, आणि तो अखेर कोणाच्या पेवातून जाणार? कारण हिशेब न करता दिलेले देणे पुष्कळदा महागाईच्या रूपाने आपल्याच घरातून वसूल होते, किंवा स्वस्ताईच्या नावाखाली आपल्याच मालाच्या भावातून कापले जाते. आणि सभेत सर्वांचे एकमत झाले असता ज्यास हिशेब चुकलेला दिसतो, त्याने तो लिहून द्यावा. मग तो दिल्लीतील पंडित असो की गावच्या सोसायटीचा साधा सभासद असो.