दोन तारे आणि लसणीचा भात

शिकागोतील ‘कासामा’ या फिलिपिनो उपाहारगृहाला नोव्हेंबर २०२५ मध्ये मिशेलिनचा दुसरा तारा मिळाल्यावर जी चर्चा झाली, ती जवळजवळ सगळी तेथील रात्रीच्या भोजनाभोवती, म्हणजे शेफने क्रम ठरवून एकामागून एक वाढलेल्या तेरा पदार्थांच्या महागड्या पंगतीभोवतीच फिरत राहिली. वस्तुतः जीनी क्वोन आणि टिम फ्लोरेस या दांपत्याने जुलै २०२० मध्ये, महासाथीच्या काळात सुरू केलेली ही जागा दिवसा वस्तीतील एक साधी बेकरी आणि न्याहारीगृह असते. तेथे आरक्षण चालत नाही, रांग लावावी लागते, आणि फिलिपिनो स्वयंपाकाच्या दृष्टीने तिचे खरे कर्तृत्व न्याहारीच्या ताटात आहे.

या ताटाचा पाया ‘सिलोग’ हा होय. आदल्या रात्रीचा भात भरपूर लसणीवर परतला की त्याला ‘सिनांगाग’ म्हणतात, अंड्याला ‘इतलोग’ म्हणतात, आणि या दोहोंच्या संक्षेपापुढे मांसाचे नाव जोडून मुरवलेल्या गोमांसाचे ‘तापसिलोग’ किंवा डुकराच्या सॉसेजचे ‘लोंगसिलोग’ तयार होते. भात शिळाच लागतो, कारण ताज्या भातातील ओलाव्याने तो मोकळा परतला जात नाही. मराठी घरातील फोडणीच्या भाताचा नियमही हाच आहे. कासामात लोंगानिसा हे सॉसेज आणि ‘तोसिनो’ हे गोडसर मुरवलेले डुकराचे मांस लसूणभात व अंड्यासह मिळते, आणि तेच लोंगानिसा अंडे व चीजसह पावात घातले की त्याचे सँडविच होते.

मात्र या पाककलेचा कणा आंबटपणा आहे, हे फिलिपिन्सच्या अन्नसंस्कृतीच्या अभ्यासक डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२) यांच्याइतके नेमके क्वचितच कोणी मांडले असेल. परदेशी पाकपुस्तकांनी व्हिनेगरमध्ये शिजवलेल्या मांसाच्या ‘अदोबो’ला राष्ट्रीय पदार्थ ठरवले असताना त्यांनी तो मान चिंच किंवा बिंबलीसारख्या फळांनी आंबट केलेल्या ‘सिनिगांग’ या पातळ रश्श्याला दिला, आणि परकीय पदार्थ स्थानिक जिभेनुसार कसे बदलतात याचा माग घेण्यावर भर दिला. अदोबोचे नावही स्पॅनिशच. १६१३ च्या एका तागालोग शब्दकोशात ते ‘स्थानिकांचा अदोबो’ अशा अर्थाने येते, पण मांस व्हिनेगरमध्ये शिजवण्याची रीत स्पॅनिश राजवटीच्या आधीची मानली जाते. हे व्हिनेगर अनेकदा माडाच्या रसाचे असते, आणि इथेच गोव्याशी जुळणारा एक धागा सापडतो: सुरेपासून केलेले व्हिनेगर घालून मुरवलेले गोव्याचे चोरीस आणि फिलिपिन्सचे लोंगानिसा ही दोन्ही आयबेरियन सॉसेजची आशियाई रूपे आहेत, फक्त एकाच्या मागे पोर्तुगीज आहेत तर दुसऱ्याच्या मागे स्पॅनिश.

या पार्श्वभूमीवर ‘आधुनिक फिलिपिनो ब्रंच’ म्हणून सध्या जागोजागी विकल्या जाणाऱ्या जांभळ्या पॅनकेकांकडे संशयाने पाहणे भाग आहे. तो रंग ज्या ‘उबे’ नावाच्या कंदाचा, तो म्हणजे उंधियूत पडणारे आपले कोनफळच. त्याची चव सौम्य असल्याने त्याला दूध, साखर आणि धीम्या आचेवर दीर्घकाळ घोटणे लागते, आणि एवढा खटाटोप टाळून केवळ रंग व सुगंधी अर्क वापरणाऱ्यांनी छायाचित्रांची सोय केली आहे, स्वयंपाकाची नव्हे. क्वोन या स्वतः कोरियन वंशाच्या, बेकरीकामात मुरलेल्या शेफ असल्याने कासामातील उबेचे बेकरी-पदार्थ निदान कारागिरीवर उभे आहेत, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

अशा ठिकाणी प्रथमच जाणाऱ्याने जांभळा पदार्थ दुसऱ्या खेपेसाठी ठेवावा, पहिल्या खेपेस लसूणभात आणि लोंगानिसा मागवावे, आणि व्हिनेगरची वाटी ताटासोबत आली नसेल तर ती मागून घ्यावी.